टीव्ही कोणत्या भिंतीवर

पूर ओसरल्यावर गोदावरीबाईनं कारध्याच्या आपल्या घराचं दार ढकललं, तर ते अर्ध्यावरच अडलं. आत काहीतरी आडवं आलं होतं. तिच्या मुलानं, गोलूनं, खांदा लावून दार रेटलं तेव्हा दिसलं, टीव्ही होता. वैनगंगेच्या पाण्यानं त्याला लोखंडी स्टँडवरून उचलून दारापर्यंत आणलं होतं आणि उतरताना तिथंच टाकून दिलं होतं. तोंड चिखलात, पाठ वर.

गोदावरीबाईला हसू फुटलं.

"कायले हासून राहिली वं?" इश्वरनं घाबरून विचारलं. त्याला वाटलं, घराची दशा पाहून बायकोच्या डोक्यावर परिणाम झाला.

"मंग काय रडू? पाहा ना, आपल्या मागं मागं निंगाला होता बिचारा. दार लावलेलं होतं म्हनून राह्यला."

मग तिघंही हसली आणि चिखल उपसायला लागली. कोठीतला धान कुजला होता, गाद्या फुगून फाटल्या होत्या, भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर पाण्याची मातकट रेघ उमटली होती. पण माणसं तिन्ही धड होती. नुसती धड नव्हती, महिनाभर पोटभर जेवून, अंगावर कोरडे कपडे घालून परतली होती. ते कोणामुळे, हे गोदावरीबाईला चिखलाच्या प्रत्येक घमेल्यागणिक आठवत होतं.

पोळा पंधरा दिवसांवर आला असेल तेव्हाची गोष्ट. सकाळी नदी काठाला लागलेली दिसत होती, न्याहारीच्या वेळेला ती गल्लीत आली. इश्वर वरठीच्या कारखान्यात पाळीवर गेलेला. गोदावरीबाई आणि गोलू, दोघांनी मिळून तांदळाचं एक पोतं माळ्यावर चढवलं, दुसरं चढवेपर्यंत पाणी गुडघ्याला लागलं. पूल बंद व्हायच्या आत गावातल्या लोकांना ट्रॅक्टरमध्ये बसवून भंडाऱ्याला एका शाळेत नेऊन सोडलं. गोदावरीबाईच्या हातात एक पिशवी होती आणि पिशवीत काय होतं तर देवघरातली मूर्ती, गॅसचा लायटर आणि एक चप्पल. घाईत जे हाताला लागलं ते.

दुपारी इश्वर धापा टाकत शाळेत आला. त्याच्यासोबत हिरालाल होता.

हिरालाल आणि इश्वर एकाच पाळीचे. कारखान्यात दोघांची जोडी जुनी. इश्वरची मोटारसायकल बिघडली की हिरालाल वरठीहून वाकडी वाट करून त्याला घ्यायला कारध्याला यायचा, फाटकाशी उभा राहून हॉर्न वाजवायचा. गोदावरीबाई आतूनच म्हणायची, "आले जी, आले." हिरालाल कधी आत आला नव्हता. त्याला ‘आत या’ असं कोणी म्हटलंही नव्हतं. भांडण नव्हतं, मनात वाकडंही काही नव्हतं. गावात जसं चालत आलं होतं तसं चालत होतं, आणि त्याबद्दल विचार करायची वेळ कोणावर आली नव्हती.

शाळेच्या वऱ्हांड्यात पाय पोटाशी घेऊन बसलेल्या गोदावरीबाईसमोर तो उभा राहिला.

"वयनी, चला."

"कुठं जी?"

"कुठं म्हनजे? घरी. तुळसानं भात मांडला हाय."

वरठीचं ते घर दोन खोल्यांचं. समोरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, एका कोपऱ्यात हिरालालच्या मुलीचं, रुचिताचं, अभ्यासाचं टेबल, आणि दुसऱ्या कोपऱ्यात एक जुना डब्बा टीव्ही. हिरालालची बायको तुळसा दारातच उभी होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला भरभर. तिनं गोदावरीबाईला आधी आपलं कोरडं लुगडं दिलं. गोदावरीबाई बदलून आली तर तुळसा पदराशी चाळा करत उभी.

"बाई, एक विचारू? राग नोका मानू."

"विचार ना."

"तुमाले तुमचं वेगळं रांधाचं असन तं दुसरी शेगडी हाय माझ्याजवळ. भांडे बी नवे काढून देतो. मले काई वाटनार नाई."

गोदावरीबाई तिच्याकडे पाहत राहिली. बाईच्या घरात तीन माणसं अचानक आली होती, किती दिवसांसाठी ते माहीत नव्हतं, आणि तिला काळजी कशाची, तर पाहुणीला अवघड वाटू नये याची. सकाळपासून पोटात काही नव्हतं. आतल्या खोलीतून वरणाला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

"वाढ व," गोदावरीबाई म्हणाली. "एका जागीच बसू."

त्या वरणभाताची चव पुढे तिनं कितीतरी जणींना सांगितली. सांगताना दर वेळी म्हणायची, नुसतं वरन होतं माय, पन तसं वरन म्या जन्मात खाल्लं नाई.

महिना तिथं गेला. दोन खोल्यांत सहा माणसं. पुरुष समोरच्या खोलीत झोपायचे, बायका आत. सकाळी नळावर नंबर लावायला गोदावरीबाई जायची, तुळसा भाकरी-भाजी उरकायची. दोघींची कामं न बोलता वाटली गेली. संध्याकाळी जेवणं आटोपली की सगळे टीव्हीपुढे. त्या टीव्हीच्या डाव्या बाजूला वरपासून खालपर्यंत एक हिरवी पट्टी पडलेली होती. बातम्या सांगणारी बाई अर्धी हिरवी दिसायची. हिरालाल डब्ब्यावर थाप मारायचा, पट्टी थरथरायची आणि जाग्यावर यायची.

पहिल्या संध्याकाळी तुळसा रिमोट हातात घेऊन म्हणाली, "बाई, तुमी कोनती पाहाता?"

गोदावरीबाईनं आपल्या मालिकेचं नाव सांगितलं. तुळसानं लगेच ते चॅनल लावलं. "लावा ना. आमच्यात तं या टायमाले कोनी काई पाहातच नाई."

गोदावरीबाईला खरंच वाटलं. घर पाण्यात, धान पाण्यात, पण मालिकेतल्या सुनेचं काय होतं ते रोज कळत होतं आणि त्या अर्ध्या तासात ती कारध्याचं सगळं विसरायची. तुळसा शेजारी बसून लसूण सोलायची आणि मधूनच विचारायची, "हा कोन, बाई? हिचा दीर का?" गोदावरीबाई समजावून सांगायची.

परत जायच्या आदल्या दिवशी रुचिता सहज बोलून गेली. "काकू, तुमी गेल्या का आईची मालिका सुरू होईन. याच टायमाले राहते ना तिची. कितीक वर्षापासून पाहाते ती. आता रोज शेजारच्या वच्छलाकाकूले विचारते, काल काय झालं म्हनून."

ते गोदावरीबाईच्या काळजात जाऊन बसलं. लुगडं दिलं, जेवू घातलं, जागा दिली, हे सगळं मोठं होतंच. माणूस संकटात तेवढं करतो. पण रोज आपली आवडती गोष्ट सोडून द्यायची, वर आपल्याला कशाचं कौतुक नाही असं दाखवायचं, आणि दुसरीच्या मालिकेतला दीर कोण ते विचारत बसायचं? हे कोण करतं?

कारध्याला येऊन घर धुऊन झालं, भिंती खरवडून चुना झाला, धुतलेलं सामान उन्हात वाळलं. नवरात्र लागलं. इश्वरच्या हातात कारखान्याचा बोनस पडला तसा गोलू मोबाईलवर नवे टीव्ही शोधायला लागला. गोलू भंडाऱ्याला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला, त्याला यातलं सगळं माहीत. "आई, बत्तीस इंची नोको. आता घ्याचा तं त्रेचाळीस."

गोदावरीबाई तांदूळ निवडत होती. ती सूप खाली ठेवून म्हणाली, "टीवी घेऊ. पन आपल्या घरी नाई. तुळसाच्या घरी."

गोलूचं तोंड उघडंच राहिलं. "अन् आपन?"

"आपन मंग कवा. आपल्याले का घाई हाय?"

"घाई नाई? आई, रोज मले बाजूच्या घरी जाऊन मॅच पाहा लागते."

"जा. पाय हायेत ना धड?"

इश्वर भिंतीला टेकून बसला होता. कारखान्याच्या आवाजानं त्याला हल्ली कमी ऐकू यायचं, पण हे त्यानं नीट ऐकलं. थोडा वेळ मिशीवर बोट फिरवत राहिला.

"घे," तो म्हणाला. "माझी ना नाई. पन ती घेनार नाई, सांगून ठेवतो."

"तिले सांगतेच कोन? आपल्यासाठी पाहू म्हनून तिले दुकानात नेतो. तिले जो आवडन तो घेतो अन् तिच्याच घरी पाठवून देतो. घरी आलेला टीवी का वापस करन?"

हा बेत गोदावरीबाईला फार आवडला. तिनं फोन लावला आणि तुळसाला सांगितलं की आपल्याला टीव्ही घ्यायचा आहे, आपल्याला त्यातलं समजत नाही, गोलूला समजतं पण त्याला नुसतं मोठं पाहिजे, तर तू चल. दसऱ्याचा मुहूर्त चांगला आहे.

तिकडून तुळसा म्हणाली, "बाई, येतो ना. पन दसऱ्याले आमी नागपूरले दीक्षाभूमीवर असतो. दर वर्षी जातो."

"मंग आदल्या रविवारी जाऊ."

फोन ठेवल्यावर इश्वर म्हणाला, "अन् मुहूर्त?"

"मुहूर्ताले तुळसाच नसन तं त्या मुहूर्ताचं करू काय?"

रविवारी भंडाऱ्याच्या बाजारात भैय्याजींच्या दुकानापुढे सगळे जमले. हिरालाल तुळसाला मोटारसायकलवर घेऊन आला होता. तुळसा जांभळं पातळ नेसून आली होती, केसांना तेल, हातात पिशवी. गोदावरीबाईला ती लग्नाला निघाल्यासारखी वाटली, आणि बरं वाटलं.

दुकानात एका भिंतीवर ओळीनं टीव्ही लावलेले. सगळ्यांवर एकच चित्र चालू. भैय्याजी गादीवरून उठून आले. जाड, हसरा माणूस, कपाळाला अष्टगंध.

"या बाई, या. कोनता दाखवू? हा पाहा, फोर-के. पान्याचा थेंब न थेंब दिसते."

आणि खरंच सगळ्या टीव्हींवर एकदम समुद्र आला. निळ्या-हिरव्या लाटा उंच उठत होत्या, फुटत होत्या, फेस थेट काचेबाहेर येईल असा वाटत होता. गोदावरीबाई दोन पावलं मागे सरली. तिचा हात आपोआप इश्वरच्या दंडावर गेला.

"काय झालं, बाई?" भैय्याजींनी विचारलं.

तिच्या आधी तुळसा बोलली. "भैय्याजी, पानी नोका दाखवू. कारध्याचे लोकं हायेत."

भैय्याजींचं हसू मावळलं. त्यांनी दुकानातल्या पोराच्या हातून रिमोट जवळजवळ हिसकावला आणि सगळे टीव्ही बंद केले. दुकान एकाएकी शांत झालं. "माफ करा बाई. माझ्या बी गोदामात तवा पानी होतं. म्याच इसरलो." त्यांनी स्वतः खुर्च्या ओढल्या, चहा सांगितला, आणि मग एकेक टीव्ही वेगळा लावून दाखवायला घेतला. एकावर बातम्या, एकावर कीर्तन, एकावर लहान मुलांचं कार्टून.

तुळसानं मात्र खुर्ची घेतली नाही. ती सरळ फरशीवर बसली.

"काकू, खाली काहून बसल्या?" गोलू ओशाळला.

"घरी आपन खुर्चीवर बसून पाहातो का? खाली बसूनच पाहातो ना." मग ती बसल्या बसल्या डावीकडे सरकली, उजवीकडे सरकली. "भैय्याजी, हा बाजूनं काळा दिसून राह्यला. पाच-सहा मानसं बसले तं कडेच्यानं काय पाहावं?"

"मंग हा घ्या, हा बाजूनं बी साफ दिसते."

"आवाज करा त्याचा." ती इश्वरकडे वळली. "भाऊ, तुमी तिकडं उभे राहा. बातम्याचं समजते का सांगा."

इश्वर दुकानाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्यानं कान पुढे केला. "गाना समजते. बोलनं नाई समजत."

"मंग हा नोको."

असं करता करता चार-पाच टीव्ही बाद झाले. गोलूला आवडलेला मोठा टीव्ही चालू केला तर त्याच्या काचेत दुकानाची ट्यूबलाईट आणि भैय्याजींचं पोट दोन्ही दिसायला लागलं. हिरालाल खो खो हसला. भैय्याजीही हसले. शेवटी काळ्या बारीक कडेचा एक बत्तीस इंची टीव्ही राहिला. बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, बाजूनं चित्र बरं दिसत होतं. गोदावरीबाई सगळा वेळ तुळसाच्या तोंडाकडे पाहत होती.

"तुले आवडला का हा?"

"मले आवडून काय कराचं, बाई? तुमच्या खोलीत बसला पायजे. तुमची खोली केवढी हाय? दार कोनत्या अंगाले? म्या तं तुमचं घर पाह्यलंच नाई." तुळसा साधेपणानं बोलून गेली आणि पुन्हा टीव्हीकडे पाहायला लागली.

गोदावरीबाईच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. हिच्या घरात आपण महिनाभर राहिलो. हिच्या फडताळात मीठ कुठं, साखर कुठं, हे आपल्याला अंधारात सापडेल. आणि हिला आपल्या घराचं दार कोणत्या बाजूला ते माहीत नाही.

तेवढ्यात भैय्याजींनी पावतीपुस्तक काढलं. "मंग हा पक्का? डिलिवरी कारध्याले ना?"

बेत ठरलेला होता. गोदावरीबाई म्हणाली, "नाई, वरठीले. यांच्या घरी." आणि तिनं तुळसाकडे बोट केलं.

तुळसा हसली. तिला वाटलं, काहीतरी घोटाळा झाला. मग तिनं इश्वरकडे पाहिलं, तो छताकडे पाहत होता. गोलूकडे पाहिलं, त्यानं मान खाली घातली. तुळसाचं हसू हळूहळू गेलं. ती उठली, पातळ झटकलं, पिशवी घेतली आणि दुकानाबाहेर गेली.

गोदावरीबाई मागोमाग धावली. तुळसा बाहेर मोटारसायकलीजवळ उभी होती. रस्त्यावर झेंडूच्या फुलांच्या गाड्या लागल्या होत्या, लोकांची वर्दळ होती.

"तुळसा, अव आयक तं खरं."

"बाई, म्या तुमाले घर भाड्यानं देल्लं होतं का?" तुळसाचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

"भाडं कुठं म्हनलं व म्या?"

"मंग हे काय होय? तुमी महिनाभर राह्यल्या, त्याचा हा टीवी. म्हनजे हिशोब फिटला. आता तुमी कोन अन् मी कोन."

"तसं नोहय माय! तुयी मालिका तू सोडली माझ्यासाठी. रुचितानं सांगितलं मले. तवापासून मले चैन नाई. त्या हिरव्या पट्टीच्या टीवीत तू तेवढंच पाहात होती, ते बी मले देऊन टाकलं."

डोळे पुसता पुसताच तुळसाला हसू आलं. "त्या रुचीच्या पोटात काई राहात नाई. बाई, मालिकेचं काय घेऊन बसल्या? तुमी आल्या तवा तुमचं तोंड कसं झालं होतं तुमाले नाई माहीत. पान्याकडं पाहून पाहून डोळे थिजले होते. मालिका लागली का तुमी जरा हासत होत्या. म्या मालिका नाई पाहात होती, तुमालेच पाहात होती."

रस्त्याच्या मधोमध गोदावरीबाईला रडू कोसळलं. फुलांच्या गाडीवाल्यानं वळून पाहिलं.

"मले काईतरी देऊ दे व," ती म्हणाली. "नाई देल्लं तं मले जड होते."

"होऊ द्या जड. मानसाचं मानसावर तेवढं राहू द्यावं. सगळं फेडून टाकलं तं मंग याचं-जाचं कायले?"

दुकानाच्या दारातून हिरालाल डोकावला, दोघींची तोंडं पाहिली आणि पुन्हा आत गेला.

गोदावरीबाईनं पदरानं नाक पुसलं. तुळसानं आत विचारलेलं अजून तिच्या कानात होतं. खोली केवढी, दार कोणत्या अंगाला.

"बरं," ती म्हणाली. "टीवी कारध्याले जाईन. पन एक गोष्ट माझी बी आयकाची. तो खोक्यातून निंगनार नाई, तू येऊन सांगत नाई तवापर्यंत. कोनत्या भिंतीवर लावाचा ते तूच ठरवाचं. खोली तूच पाहाची. अन् जेवूनच जाचं. चौघं. नाई म्हनशीन तं खोकं तसंच राहीन, गोलूले शिव्या देऊ दे मले."

तुळसानं तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं ते गोदावरीबाईला समजलं, आणि आपल्याला समजलं हे तुळसालाही कळलं.

"चौघं नाई होनार," तुळसा म्हणाली. "माझ्या घरी तं तिघंच हाय."

"मी, तू, ते दोघं. चौघं. पोरं वेगळे."

"असं का! मंग येतो."

दोघी आत आल्या तेव्हा भैय्याजी पावती अर्धवट लिहून बसले होते. "बाई, आता तरी पक्कं सांगा जी, कुठं पाठवू?"

"कारध्याले," दोघी एकदम म्हणाल्या.

इश्वर हिरालालच्या कानाशी लागला. "म्या सांगितलंच होतं हिले." हळू बोलतोय असं त्याला वाटलं, पण सगळ्या दुकानाला ऐकू गेलं.

टीव्ही त्याच दिवशी आला. आणि दसरा गेला तरी खोक्यातच राहिला. शेजारपाजारची माणसं येऊन पाहून जायची. "काहून गोदावरीबाई, बिघडलेला देल्ला का?" "नाई जी, चांगला हाय. पाहुने याचे हायेत." गोलू रोज खोक्याभोवती फिरायचा, वरचा फोटो पाहायचा, मॅचच्या वेळेला उसासे टाकायचा. गोदावरीबाईनं मनावर घेतलं नाही. ती कामात होती. सारवण नव्यानं केलं, उडीद भिजत घातले, देवघर पुसलं, पाहुण्यांसाठी नवीन चादर काढली.

दसऱ्यानंतरच्या रविवारी दुपारच्या आधी फाटकाशी हॉर्न वाजला. गोदावरीबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर धावली आणि फाटक स्वतः उघडलं.

"या जी हिरालालभाऊ. गाडी आतच घ्या. सावलीत लावा."

हिरालालनं गाडी अंगणात घेतली. मागून रुचिता स्कूटीवर आईला घेऊन आली. हिरालाल उंबरठ्यापाशी जरा थांबला, चपला काढायला जेवढं थांबतात त्याहून थोडा जास्त. मग आत आला आणि इश्वरच्या खाटेवर जाऊन बसला. इश्वरनं त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "आज गाडी बिघडली नाई माझी. तरी आला तू," तो म्हणाला आणि दोघंही हसले.

तुळसानं पिशवीतून नागपूरहून आणलेला संत्राबर्फीचा डबा काढून गोदावरीबाईच्या हातात दिला. मग ती घर पाहू लागली. समोरची खोली, आतली खोली, परसदार, तुळशीचं वृंदावन. चुन्याच्या आतूनही पाण्याची रेघ पुसट दिसत होती, तिच्यावर तिनं तळहात ठेवला. मग समोरच्या खोलीत येऊन दुकानात बसली होती तशी खाली बसली. एकदा खाटेजवळ, एकदा दाराजवळ. शेवटी चुलीच्या खोलीत जाऊन पाटावर बसली आणि तिथून हाक दिली.

"गोलू, समोरच्या त्या भिंतीजवळ उभा राहा बरं. हां. हात वर कर. आनखी वर. तिथं."

"काकू, तिथं काहून? खाटेवरून तिरपा दिसन."

"खाट सरकवता येते. चूल सरकवता येते का? तुयी आई इथं बसून भाकरी करन अन् तिथं पाहान."

गोलूनं आईकडे पाहिलं. घरात आजवर टीव्ही कुठं ठेवायचा हे कोणी चुलीपाशी बसून ठरवलं नव्हतं. तो निमूटपणे ड्रिल मशीन आणायला गेला.

खोकं उघडलं, टीव्ही भिंतीवर चढला, डिशची वायर लागली, आणि बातम्यांचा आवाज घरात घुमला. इश्वरनं खाटेवरूनच हात वर केला, समजलं म्हणून. मग पाट मांडले. गोदावरीबाईनं सगळ्यांना एका ओळीत बसवलं आणि वाढलं. उडदाचे वडे, वांग्याची रस्सेदार भाजी, भात, वरण, वर लिंबाचं लोणचं. तुळसा दोनदा उठायला लागली, दोन्ही वेळा गोदावरीबाईनं तिला खांद्याला धरून खाली बसवलं.

"वाढू तं द्या मले, बाई."

"आज तुले हात लावू देत नाई. जेव."

हिरालालनं चौथा वडा घेतला आणि म्हणाला, "वयनी, असं माहीत असतं तं हॉर्न वाजवून फाटकाशी उभा नसतो राह्यलो."

गोदावरीबाईला "माझंच चुकलं" असं म्हणावंसं वाटलं, पण हिरालाल वडा मोडून वरणात बुडवत होता आणि त्याला कशाचंही उत्तर नको होतं. तिनं त्याच्या ताटात पाचवा वडा घातला.

वरण तिनं तुळसासारखंच केलं होतं, लसूण तसाच जाळून. तुळसानं घास घेतला, डोळे मिटून चाखलं आणि म्हणाली, "मीठ कमी हाय, बाई." इतकं मोकळेपणानं म्हणाली की गोदावरीबाईला गालात हसू आलं. पाहुणी म्हणून आलेली बाई मिठाचं बोलत नाही. घरची बोलते.

जेवणं झाली. रुचिता अंगणात गेली, पुरुष मॅच लावून बसले. तुळसा खाटेच्या कडेला टेकली होती. "जराशी पाठ टेकतो," म्हणाली, आणि गोदावरीबाई भांडी घासून येते तो ती कुशीवर वळून गाढ झोपलेली. तोंड किंचित उघडं, हाताची उशी केलेली, पातळाचा पदर खाली लोंबत होता. मॅचमध्ये कोणी तरी बाद झालं, इश्वर ओरडला, तरी तिची पापणी हलली नाही.

गोदावरीबाई थोडा वेळ तिथंच उभी राहिली. वरठीच्या त्या महिन्यात तिनं तुळसाला दिवसा झोपलेलं एकदाही पाहिलं नव्हतं. तिनं रिमोट उचलून आवाज कमी केला. इश्वरनं काही म्हणायला तोंड उघडलं, बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून मिटलं. नवीन चादरीची घडी मोडून तिनं तुळसाच्या पायांवर घातली. जड होतं म्हणून ती दुकानापुढे रडली होती. ते देणं अजून तेवढंच होतं, मूठभरही कमी झालं नव्हतं, पण आता त्याचं ओझं होत नव्हतं. असू दे, तिला वाटलं. असंच असू दे.

उन्हं कलायला लागली तसा हिरालाल उठला. "वयनी, तिले उठवा. निंगाचं हाय, उद्या पयली पाळी हाय आमची."

"झोपू द्या तिले," गोदावरीबाई म्हणाली आणि चहाचं आधण ठेवायला आत वळली. "चहा झाल्याबिगर कोनी जात नाई."